हमीकाटा

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात देवगव्हाणच्या शिवारातली तूर भर फुलोऱ्यात होती. पैनगंगेच्या काठापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पिवळ्याखेरीज दुसरा रंग दिसत नव्हता. त्याच आठवड्यात उज्ज्वला मापारी हिने आपल्या मळ्यातल्या मधपेट्या उघडल्या, तेव्हा सगळ्या पेट्यांतल्या माश्या मेलेल्या होत्या. बहुतेक माश्या पोळ्याच्या घरांत डोके खुपसलेल्या स्थितीत मेल्या होत्या. पोळ्यांत मधाचा थेंब नव्हता, परागाचा कण नव्हता.

उज्ज्वलाने मूठभर माश्या काचेच्या बाटलीत भरल्या, बाटलीवर तारीख आणि जागा लिहिली आणि त्याखाली ‘विषबाधा’ असा शब्द लिहिला. नमुन्यावर निष्कर्ष लिहू नये, हे तिने पुण्याजवळच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या दिवशी तिला त्याची आठवण झाली नाही.

त्या प्रयोगशाळेत तिने उमेदीची सगळी वर्षे काढली. काम बियाण्याची शुद्धता तपासण्याचे. लग्न केले नाही. वडील गेल्यावर जमिनीचे दोन भाग झाले. एक तिचा, एक धाकट्या भावाचा, प्रल्हादचा. लोकांना वाटले होते की ती आपला भाग भावाला कसायला देईल आणि पुण्यातच राहील. ती परत आली. तिच्या परत येण्याचे कारण एक कांदा होता.

हा फिकट लाल कांदा वडिलांनी, आप्पांनी, आयुष्यभर निवडत आणला होता. उन्हाळ्यात चाळीत भरला की दिवाळीपर्यंत त्याला कोंब फुटत नसे. बाजारात त्याला नाव नव्हते आणि तो दुसऱ्या कोणाकडे नव्हता. कांद्याचे बी अल्पायुषी असते. पहिल्या वर्षी चांगले उगवते, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी जवळजवळ नाहीच. म्हणजे वाण जिवंत ठेवायचा तर बी सतत नव्याने धरावे लागते. त्यासाठी निवडलेले कांदे हिवाळ्याच्या तोंडावर जमिनीत पुरतात. त्यांना दांडे फुटतात आणि दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचे गोंडे येतात. कांद्याच्या फुलाची अडचण अशी, की त्याचा पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागाहून. फूल स्वतःचे स्वतः फळू शकत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी न्यावा लागतो, आणि हे काम माश्या करतात.

मागच्या दोन्ही हंगामांत गोंडे पोकळ निघाले होते. जुने बी संपले होते, उरलेसुरले उगवत नव्हते. या वर्षी जमिनीत पुरलेले कांदे हीच त्या वाणाची शेवटची पिढी होती. फेब्रुवारीत माश्या नसतील, तर वडिलांचा कांदा संपणार होता.

देवगव्हाणात माणसे उपाशी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. तुरीच्या हमीभावाची नवी योजना आल्यापासून गावाचे बरे चालले होते. योजनेचे सरकारी नाव लांबलचक होते. खरेदी केंद्रावर जे यंत्र बसले त्याला गावाने हमीकाटा म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या योजनेलाच ते नाव पडले. पेरणीच्या आधी भाव जाहीर व्हायचा आणि जेवढी तूर येईल तेवढी सरकार घ्यायचे. अटी दोनच होत्या. पहिली अशी, की एका गटात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या एका गट क्रमांकाच्या जमिनीत, एकच पीक हवे. ते उपग्रह पाहत असे. प्रत्येक पिकाच्या पानावरून परतणारा प्रकाश वेगळा असतो, त्यामुळे गटात एखादा पट्टा दुसऱ्या पिकाचा निघाला तर तो लपत नसे.

दुसरी अट दाण्याची होती. पूर्वी व्यापारी परदेशातली स्वस्त तूर आणून शेतकऱ्यांच्या नावावर हमीभावात खपवत. हे थांबवण्यासाठी हमीकाटा होता. त्याच्या नळीतून तुरीचा एकेक दाणा खाली पडे आणि पडता पडता त्यावर अवरक्त किरणांचा झोत येई. दाण्यातली प्रथिने, पाणी, तेल हे घटक त्या प्रकाशातला आपापला हिस्सा शोषतात. जो उरतो तो त्या दाण्याची ओळख ठरतो. हजारो दाण्यांच्या ओळखी एकमेकींशी ताडून यंत्र शंभरपैकी एक आकडा देई. दाणे जितके सारखे, तितका आकडा मोठा. आकडा नव्वदच्या खाली गेला तर भेसळीचा संशय; माल बाजूला आणि चौकशी पावसाळ्यापर्यंत. आकडा खूप वरचा असेल तर भावावर बोनस.

कल्पना चोख होती. लबाडी खरोखर थांबली. मात्र सुरुवातीच्या काळात काही सरळ माणसांचा मालही अडकला. स्वतःच्या शेतातली, कशाचीही भेसळ नसलेली तूर सत्याऐंशीवर थांबे आणि मालक केंद्राच्या दारात डोक्याला हात लावून बसे. मग गावाने आपला मार्ग काढला. बियाण्यासाठी ठेवायची तूर आधी हमीकाट्यावर न्यायची, आकडा बघायचा आणि ज्याचा आकडा वर त्याच्याच घरचे बी पुढच्या वर्षी पेरायचे. याला ‘बी दाखवून आणणे’ म्हणत. पत्रिका दाखवतात तसे. पत्रिका न जुळताही लग्ने होतात. बी मात्र आकड्याशिवाय कोणी पेरत नसे.

प्रल्हादच्या तुरीचा आकडा दर वर्षी नव्याण्णवच्या आसपास असे. त्याच्या घरून सगळ्या गावाने बी नेले, आसपासच्या गावांतल्या सोयऱ्यांनीही नेले. तो त्याचे पैसे घेत नसे. पायलीभर बी दिले की सुगीनंतर पायलीभर तूर परत, एवढाच व्यवहार. ‘पल्हादचं बी’ म्हटले की माणसे निर्धास्त होत. त्याला लग्नकार्यांत पुढे बसवत.

खात्रीचा भाव तुरीला. म्हणून जवस गेला, तीळ गेला, करडई गेली, ज्वारी गेली. तण काढणाऱ्या यंत्रांनी बांधही साफ केले. पेरणी आणि कापणी यंत्रे करत, त्यामुळे शिवारात माणूस दिसत नसे. घरांना चांगली छपरे होती, मुले मोठ्या शहरांत शिकत होती. दुपारी उज्ज्वला आपल्या कांद्यात उभी राहिली की तिला दूरवर एखादे यंत्र वळताना दिसे. यंत्राशी बोलता येत नाही.

आणि भावाशी बोलणे बंद होते.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा माश्या मेल्या तेव्हा तिने ग्रामसभेत उठून सांगितले होते, की शेजारच्या शेतात चोरून फवारणी होते. शेजारचे शेत प्रल्हादचे होते. तपासनीस आले ते नेमके त्याच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. नव्या पाहुण्यांसमोर खळ्यात उतरले आणि पोत्यांना सील लावून गेले. तपासणीत विषाचा अंश निघाला नाही. उज्ज्वलाने तो अहवाल वाचला आणि विष उन्हाने विघटित झाले असेल असे स्वतःला समजावले. आपण चुकलो असे सांगणाऱ्या अहवालातली खोट शोधायची असली, की माणसाची बुद्धी फार तल्लख होते.

या खेपेला, पुन्हा विकत आणलेल्या माश्याही मेल्यावर, तिने बाटली सरकारकडे पाठवली नाही. विद्यापीठात डॉ. तहसीन काझी नावाच्या कीटकशास्त्रज्ञ होत्या, त्यांच्याकडे पाठवली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

“उज्ज्वलाताई, बाटलीवर तुम्ही उत्तर लिहून पाठवलंत. मी तो प्रश्न समजून तपासला, चालेल ना?”

“काय सापडलं?”

“काहीच नाही. कीटकनाशक नाही, तणनाशक नाही, रोग नाही. पोटं रिकामी आहेत. घरात डोकं खुपसून मेली म्हणजे माशी शेवटचा थेंब चाटत मेली. ही भूक आहे.”

“मॅडम, चहूकडे फुलं आहेत इथं. नजर पोचते तिथवर.”

“तेच मला कळत नाही. पेट्यांत साखरेचा पाक ठेवला होता?”

“फुलोऱ्यात कोण पाक ठेवतं?”

“कोणी नाही. मीही ठेवला नसता. आता एक करा. फोटो पाठवू नका. फुलांपाशी उभ्या राहा आणि बघा. कोण येतं, काय घेऊन जातं.”

“माझ्याकडं कांदा आहे. तूर भावाची आहे.”

“मग भावाच्या शेतात उभ्या राहा.”

“त्याच्या शेतात मी जात नाही.”

“भांडण आहे का?”

“हो.”

“मग लवकर जा. फुलोरा संपला की भांडण तेवढं उरेल.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती बांध ओलांडून गेली. तुरीच्या दोन ओळींमध्ये ती स्टूल टाकून बसली असताना प्रल्हादची बायको मंदा पाण्याचा व्हॉल्व्ह बघायला आली. तिला आधी तुरीत नुसते डोके दिसले.

“कोण हाय वं थे? अगं माय! बाई, तुमी? आमच्या वावरात?”

“मीच आहे, वहिनी.”

“तपासवाले मागून येऊन राहिले का एकल्याच आल्या?”

“एकटीच.”

“मंग बरं. चहाले दोनच कप लागतीन.” मंदा हसली, पण जवळ आली नाही. “त्यायले सांगू का नको?”

“सांगा. मी लपून नाही आले.”

“स्टूल घेऊन आल्या म्हंजे लपून नाहीच. पण मी काही सांगत नाही बाप्पा. तुमी दोघं एका मायचे. तुमच्या तव्यावर म्यां काहून हात ठेवू?”

“वहिनी, या तुरीवर माश्या येतात का?”

“येतात ना. बसतात, इकडं तिकडं करतात अन् उठून जातात. माह्या माहेरच्यावानी. पाणी बी न पिता.”

मंदा व्हॉल्व्ह फिरवून निघून गेली. तिने जे सांगितले तेच उज्ज्वलाला दिवसभर दिसले. डोंगराकडची एखादी चुकार रानमाशी यायची, फुलावर उतरायची, पाकळ्यांच्या जोडावर डोके घासायची, फुलाला एक वेढा घालायची आणि दुसऱ्या फुलावर जायची. तिथेही तेच. चार-पाच फुले करून ती उठे ती परत येत नसे.

तुरीचे फूल सकाळी उशिरा उमलते. वरची रुंद पाकळी मागे वळते, खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळलेल्या असतात. माशीच्या वजनाने होडी खाली दबते आणि आतला पराग माशीच्या पोटाला लागतो. उज्ज्वला दुपार होईपर्यंत फुले उमलायची वाट पाहत राहिली. दुपार उलटली. एकही फूल उमलले नाही. तिने खुणेसाठी काही कळ्यांना दोरा बांधला आणि पुढचे काही दिवस येत राहिली. त्या कळ्या पिवळ्या झाल्या, फुगल्या, मिटलेल्याच वाळल्या आणि वाळक्या टोपीखालून सरळ शेंग बाहेर आली.

तिने नखाने एक फूल सोलले. पाकळ्या एकमेकींवर घट्ट गुंडाळलेल्या होत्या. आत पराग केव्हाच फुटून त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर सांडला होता. फुलाचा सगळा संसार दार लावून आतल्या आत उरकला होता.

तिच्या विहिरीच्या कडेला तुरीचे एक झाड आपोआप उगवलेले होते, बहुधा जुन्या कचऱ्यातल्या दाण्यातून. ती तिथे गेली. त्या झाडाची फुले उघडी होती आणि दोन मोठे काळे भुंगे त्यांवर भांडत होते. सबंध शिवारात तिला ऐकू आलेली गुणगुण तेवढीच.

आता पुढचे अनुमान तिला जड नव्हते. प्रयोगशाळेत वाण शुद्ध ठेवायचा असला की ते रोपांवर बारीक जाळी घालत, शेजारचा पराग घेऊन माशी आत येऊ नये म्हणून. इथे प्रत्येक फुलाची जाळी फुलातच होती. प्रल्हादच्या तुरीत दुसऱ्या कोणाचा पराग कधीच येत नव्हता, म्हणून तिचे दाणे एकसारखे, म्हणून आकडा नव्याण्णव. ती चार ओळखीच्या शेतांत फिरली. सगळीकडे फुले मिटलेली, सगळीकडे बी प्रल्हादच्या घरचे. तिला कारण सापडले होते. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, ती जवळजवळ दोन वर्षांनी भावाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

प्रल्हाद खुर्चीत बसून फोनवर बातम्या पाहत होता. त्याने मान वर केली, परत खाली घातली आणि घरात हाक दिली.

“मंदे, पाहुणे आले.”

“पल्हाद, विष नव्हतं. मी चुकले.”

“हं.”

“विद्यापीठातून तपासून आलं.”

“म्हंजे त्यायनं सांगतलं म्हणून. म्यां सांगतलं तवा नाही.”

 ओट्यावर रुमाल पसरून तिने दोन फुले ठेवली. एक विहिरीवरचे उघडे, एक त्याच्या शेतातले. प्रल्हादने आपले फूल उचलले, अंगठ्याने दाबले, मग नखाने सोलायला लागला. पाकळ्या सुटेनात.

“हे असंच असते का रोज?”

“उमलतच नाही.”

“तूर पेरतो मी पोरपणापासून. फूल कधी उकलून पाह्यलंच नाही. शेंग पाह्यतो ना आपण.”

उज्ज्वलाने समजावून सांगितले. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेतला झाला. परागाचे, दाण्याच्या सारखेपणाचे, आकड्याचे. मग म्हणाली, “माझ्या मळ्यालगत दहा-बारा ओळी उघड्या फुलाच्या लावशील का पुढच्या साली? विहिरीवरचं बी मी देते. नाहीतर करडई लाव थोडी. माश्या जगल्या तरच कांद्याचं बी होईल. आप्पांचा कांदा आता तेवढाच राहिला आहे.”

“गटात दुसरा पट्टा दिसला का अख्खा गट बाद. तुले माहीत हाय. अन् उघड्या फुलाची तूर जवळ लावली का माहा आकडा पडते. अन् माह्या आकड्यावर सारं गाव हाय.” त्याने तिच्याकडे पाहिले. “तू माफी मागाले आली का जागा मागाले?”

“दोन्ही.”

“एका दिवशी दोन्ही नाही भेटत, ताई.”

मंदा चहा घेऊन आली आणि दोघांची तोंडे पाहून कप ठेवून आत गेली. प्रल्हाद ते अर्धवट सोललेले फूल बोटांत फिरवत होता.

“म्हंजे माश्या माह्या बियाण्यानं मेल्या.”

“तुझा दोष नाही त्यात.”

“दोष नाही. पण बी माहंच. सगळ्यायच्या वावरात माहंच.”

उज्ज्वलाला नाही म्हणता आले असते. तिला जे ठाऊक होते त्यानुसार ते खोटे ठरले असते. ती म्हणाली, “हो.”

“विषाचं बरं होतं,” प्रल्हाद म्हणाला. “थे खोटं होतं.”

तो उठून आत गेला. तिने चहा संपवला, कारण मंदाने केला होता, आणि ती घरी आली.

सुगी झाली. हमीकाट्यावर प्रल्हादचा आकडा नेहमीसारखाच आला. पण बी न्यायला माणसे आली तेव्हा त्याने कोणालाच बी दिले नाही. कारणही सांगितले नाही. काही जणांनी विनवले, काही जणांनी ‘आता भाव खाऊन राहिला’ असे ऐकवले. शेवटी त्यांनी पलीकडच्या गावातून अठ्ठ्याण्णव आकड्याचे बी आणले आणि प्रल्हादच्या ओट्यावरची वर्दळ बंद झाली. उज्ज्वलाला संध्याकाळी आपल्या विहिरीवरून त्याचा ओटा दिसे. खुर्ची असे, तो असे, दुसरे कोणी नसे. दोन घरांच्या मध्ये एक शेत होते आणि दोन्ही घरांत एकेक माणूस गप्प बसलेले होते. मंदा बहुतेक दिवस मुलीकडे नागपूरला असे.

उज्ज्वलाने मधल्या काळात निरनिराळ्या शेतांतली फुले आणि पाने डॉ. काझींना पाठवली होती. त्यांना तेवढे पुरे वाटले नाही.

“एका गावावरून मी काही ठरवणार नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “लांबची तूर बघू. तापीकडची, लातूरकडची, जिथं तुमच्या भावाचं नावही कोणी ऐकलं नाही.”

जानेवारीच्या अखेरीस कांद्याचे गोंडे उमलू लागले. पेट्या रिकाम्या होत्या. उज्ज्वला रोज सकाळी दव सुकले की सुरुवात करी. एका गोंड्यावरून तळहात हलके फिरवायचा, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती एका दिवशी पिकत नाहीत. म्हणून त्याच गोंड्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. माशी हे काम पोटासाठी करते आणि थकत नाही. उज्ज्वलाचे खांदे दुपारपर्यंत भरून येत. हातांना कांद्याचा वास कायमचा बसला. तूर निघाल्यामुळे शिवार काळे आणि मोकळे पडले होते, आणि त्या मोकळ्या काळ्या पसाऱ्यात पांढऱ्या गोंड्यांमधून एक बाई हात फिरवत चाललेली, एवढेच काय ते हलताना दिसे.

मार्च उजाडता उजाडता डॉ. काझींचा फोन आला.

“ताई, तापीकडचीही फुलं मिटलेली. लातूरकडचीही. जिथं जिथं हमीकाटा आहे तिथं तिथं.”

“म्हणजे आमच्या भावाचं बी तिथवर गेलं?”

“मलाही तसंच वाटलं, म्हणून गुणसूत्रं वाचून घेतली. फूल उघडायचं काम एका जनुकाच्या ताब्यात असतं; त्यात बिघाड झाला की फूल मिटलेलं राहतं. एकाच घरातून बी पसरलं असतं, तर बिघाड सगळीकडे एकाच जागी दिसला असता. तसं नाही. तुमच्याकडचा बिघाड एका जागी आहे, तापीकडचा दुसऱ्या, लातूरकडे तर दोन प्रकार आहेत. कोणाचं बी कोणाकडे गेलेलं नाही. सगळीकडे आपापलं झालंय.”

“एकाच वेळी? सगळीकडे?”

“बिघाड नवा नाही. लाखो झाडांत असं एखादं झाड दर वर्षी निघतच असतं. पूर्वी त्याला कोणी विचारत नव्हतं, ते यायचं आणि जायचं. तुमच्या भावाच्या शेतात ते निघालं नसतं तर दोन-चार वर्षांनी तुमच्याच गावात दुसऱ्याच्या निघालं असतं, आणि सगळ्यांनी त्याचं बी नेलं असतं.”

उज्ज्वला गोंड्यांच्या ओळीत उभी होती. समोरच्या गोंड्यावरचा हात तिने काढून घेतला.

“मी त्याला सांगून बसले, मॅडम. की त्याचं बी कारण आहे म्हणून.”

“केव्हा?”

“नोव्हेंबरात. जेवढं माहीत होतं तेवढ्यावर.”

“त्यालाच घाई म्हणतात,” डॉ. काझी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. “आता परत सांगा.”

प्रल्हादच्या घरी जायला तिचे पाय वळेनात. तीन दिवसांनी तोच बांधावर दिसला. पाण्याची नळी फुटली होती, ती बघायला आला होता. उज्ज्वला ओळीच्या टोकाला होती. काही गोंड्यांतली बोंडे तडकायला आली होती. तिने एक फोडून पाहिले होते आणि त्यात काळे पडू लागलेले तीन दाणे होते. पुष्कळ बोंडे पोकळ होती. सगळे मिळून एखादा डबा बी निघेल, असा तिचा अंदाज होता. एक डबा म्हणजे कांदा आणखी एका पिढीसाठी वाचला.

“पल्हाद.”

तो थांबला. बांधाच्या पलीकडेच थांबला.

“माश्या तुझ्या बियाण्यानं नाही मेल्या.”

“आता नवीन काय निघालं?”

“लांबची तूर तपासली. तुझं बी जिथं गेलंच नाही, तिथंही तेच झालंय.”

“नक्की हाय?”

“नक्की.”

“मांगच्या दोन्ही खेपेला बी नक्कीच होतं.”

 ती म्हणाली, “होतं.”

प्रल्हाद फुटक्या नळीकडे पाहत उभा राहिला. पाणी वाहत होते आणि त्याने ते बंद केले नाही.

“मंग कोणाच्यानं मेल्या थे सांग. पहिल्यापासून सांग. मधात कोणाचं नाव नको घेऊ.”

“नाव नाहीच त्यात,” उज्ज्वला म्हणाली, आणि तिने सांगितले.

हमीकाटा दाण्यांचा सारखेपणा मोजत होता आणि हमीभाव त्या आकड्यावर अवलंबून होता. तुरीच्या दाण्यांत वेगळेपणा येतो तो माश्यांनी शेजारच्या झाडांचा पराग आणल्यामुळे. ज्या झाडाची फुले उघडत नाहीत त्याला माशी पराग देऊ शकत नाही, म्हणून त्याचे दाणे सर्वांत सारखे निघतात. जिथे जिथे हमीकाटा होता तिथे प्रत्येकाने दर वर्षी सर्वांत मोठ्या आकड्याचे बी ठेवले. फूल कोणी पाहिले नाही, कारण फुलाला आकडा नव्हता. काही हंगामांत मिटलेल्या फुलांची तूर तेवढी उरली; आणि भाव फक्त तुरीचा खात्रीचा असल्यामुळे दुसरे कोणतेही पीक आधीच उरले नव्हते. माश्यांना खायला काही राहिले नाही. त्या उपाशी मेल्या.